हाकेला ओ न देणारे मूल
(स्वमग्नतेची लक्षणे वेळीच कशी ओळखावीत?)



गोठ्यात वासरू जन्मले की ते किती वेळात उभे राहिले, आचळाला तोंड लावले की नाही, याकडे आपले बारीक लक्ष असते. काही कमी दिसले तर आपण दुसरा दिवस उजाडण्याची वाट पाहत नाही, गुरांच्या डॉक्टरांकडे माणूस पाठवतो. पण घरातले दोन वर्षांचे मूल हाकेला ओ देत नसेल, बोलत नसेल, तर मात्र "त्याचा बापही उशिराच बोलला", "मुलगे उशिराच बोलतात" असे म्हणून आपण एक-दोन वर्षे सहज घालवतो. मग शाळेत नाव घालायची वेळ येते, मास्तर तक्रार करतात आणि त्यानंतर आपण धावाधाव सुरू करतो. मधली वर्षे मात्र परत येत नाहीत. म्हणून या वेळी पिकांचा विषय बाजूला ठेवून लहान मुलांतील स्वमग्नतेविषयी, म्हणजे ज्याला डॉक्टर ऑटिझम म्हणतात त्याविषयी, माहिती देत आहोत.

स्वमग्नता म्हणजे काय?

स्वमग्नता हा ताप-खोकल्यासारखा रोग नव्हे आणि वेडही नव्हे. काही मुलांच्या मेंदूची वाढच जन्मापासून थोडी वेगळ्या रीतीने होते. त्यामुळे दुसऱ्याशी नजरेने, हातवाऱ्यांनी व शब्दांनी संबंध जोडणे त्यांना अवघड जाते. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करणे त्यांना आवडते आणि ठरलेल्या क्रमात बदल झालेला त्यांना सोसत नाही. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत अशा अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून हे नाव वैद्यकात रूढ झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक माणूस स्वमग्न होता. म्हणजे मोठ्या धर्मग्रामात अशी काही मुले व मोठी माणसे असणारच. ती आपल्याला दिसत नाहीत, कारण कित्येकदा ती घरातच ठेवली जातात.

'स्वमग्न' हा शब्द थोडा फसवा आहे. हे मूल मुद्दाम आपल्यातच गुंग राहते, त्याला माया नाही, असा त्याचा अर्थ घेऊ नये. त्यालाही आईची ओढ असते, पण ती दाखवण्याची त्याची रीत वेगळी असते. शिवाय सर्व मुले सारखी नसतात. एखादे मूल मुळीच बोलत नाही, तर एखादे भराभर बोलते पण समोरच्याचे ऐकून उत्तर देत नाही. एखाद्याची बुद्धी तल्लख असते, तर एखाद्याला अंघोळ-जेवणालाही आयुष्यभर मदत लागते.

वयाप्रमाणे काय पाहावे?

आयाबायांनो, पुढील खुणा लक्षात ठेवा.

सहा महिने : आपण हसून बोललो की बाळही आपल्याकडे पाहून हसते.

नऊ महिने : नाव घेऊन हाक मारली की वळून पाहू लागते. आपण आवाज काढला की तेही आवाज काढते.

एक वर्ष : 'बाबाबा', 'दादादा' असे बडबडते. 'टाटा' करते, कडेवर घ्या म्हणून हात पुढे करते.

सोळा महिने : निदान एखादा अर्थाचा शब्द बोलते.

दीड वर्ष : कावळा, बैल, मोटार दिसली की बोट दाखवते आणि आपणही पाहिले की नाही हे पाहण्यासाठी आपल्या तोंडाकडे बघते. रिकाम्या वाटीतून बाहुलीला भात भरवण्यासारखा खोटा खोटा खेळ सुरू करते.

दोन वर्षे : 'आई ये', 'दूध दे' असे दोन शब्द आपल्या मनाने जोडते. दुसऱ्याने म्हटलेले तसेच परत म्हणणे यात धरू नये.

यातील एखादी गोष्ट पंधरा दिवस मागेपुढे झाली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पण एकाहून अधिक गोष्टी मागे पडलेल्या दिसल्या तर तपासणी करून घ्यावीच. आणि एक गोष्ट कोणत्याही वयात दिसली तरी थांबू नये : आधी येत असलेले शब्द, टाटा करणे, नजरेला नजर देणे जर मूल विसरत चालले असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जावे. काही मुले वर्ष-सव्वा वर्षापर्यंत चांगली वाढतात आणि दीड-दोन वर्षांच्या सुमारास मिळवलेले गमावू लागतात.

वागण्यातील इतर लक्षणे

मूल खेळण्यांशी खेळण्याऐवजी ती ओळीने मांडते. काजूच्या बिया, चिंचोके, बाटल्यांची झाकणे यांची लांबच लांब रांग लावते आणि कोणी एक झाकण हलवले तर आकांत करते. सायकल उलटी करून तिचे चाक तासन् तास फिरवत बसते, पंख्याकडे एकटक पाहते. हाताचे पंजे फडफडवते, डुलत राहते, स्वतःभोवती गिरक्या घेते, चवड्यांवर चालते. हवी ती वस्तू बोटाने न दाखवता आपला हात धरून त्या वस्तूवर नेऊन ठेवते, जणू आपला हात म्हणजे एखादी काठी आहे. "पाणी पाहिजे का?" असे विचारले तर "पाणी पाहिजे का" असेच परत म्हणते.

आवाज, वास, स्पर्श यांचाही अशा मुलांना फार त्रास होतो. मिक्सर सुरू झाला, सणाच्या दिवशी बँड वाजू लागला, चर्चची घंटा झाली की कानांवर हात ठेवून किंचाळतात. नवा सदरा टोचतो म्हणून काढून टाकतात. पांढरा भात तेवढाच खातात, आमटी लागलेला घास थुंकतात. याउलट काहींना लागलेले-खुपलेले जाणवतही नाही.

मोठ्या मुलांत लक्षणे निराळी दिसतात. मूल नीट बोलते, वाचते, पण एकाच विषयावर बोलत राहते : बसचे नंबर, ट्रॅक्टरच्या कंपन्या, पंचांगातील तारखा. थट्टा कळत नाही, शब्दाचा सरळ अर्थ घेते. सुटीत एकटे उभे राहते. मुलींच्या बाबतीत अधिक सावध राहावे. स्वमग्नता मुलग्यांत अधिक आढळते हे खरे, पण मुली इतरांचे पाहून तसे वागायला शिकतात आणि आपणही "गरीब स्वभावाची आहे, लाजाळू आहे" म्हणून सोडून देतो. त्यामुळे त्यांची लक्षणे पुष्कळदा झाकली जातात.

घरी करून पाहण्याजोगे

मूल दीड वर्षाचे झाल्यावर, पोट भरलेले व झोप झालेली असताना, या चार गोष्टी करून पाहाव्यात.

१) मागे उभे राहून साध्या आवाजात दोन-तीनदा नावाने हाक मारा. वळते का?

२) कौलावरच्या मांजराकडे बोट दाखवून "ते बघ माऊ!" म्हणा. मांजराकडे पाहते, की तुमच्या बोटाकडेच पाहत राहते, की मुळीच लक्ष देत नाही?

३) आवडीचा खाऊ घट्ट झाकणाच्या बरणीत घालून हातात द्या. उघडून द्या म्हणून तुमच्या तोंडाकडे पाहते का?

४) तुम्ही टाळी वाजवा किंवा क्रूसाची खूण करा. तुमचे पाहून करू बघते का?

तीन-चार दिवस पाहून जे दिसेल ते वहीत तारखेसह लिहून ठेवा. ही परीक्षा नव्हे आणि यावरून घरच्या घरी निदान करायचे नाही. डॉक्टरांना सांगताना नेमके सांगता यावे, एवढाच हेतू.

सारख्या दिसणाऱ्या गोष्टी

हाकेला ओ न देणाऱ्या मुलाला ऐकू कमी येत असेल, हा विचार सर्वांत आधी करावा. बिस्किटाच्या पुड्याचा आवाज ऐकून धावत येते म्हणजे कान चांगले आहेत, असे समजू नये. काही आवाज ऐकू येतात व काही येत नाहीत असेही असते. म्हणून कानांची तपासणी प्रथम करून घ्यावी.

काही मुले नुसतीच उशिरा बोलतात. पण असे मूल न बोलताही सर्व सांगते : बोट दाखवते, ओढून नेते, रुसते, हसवते, डोळ्यांत पाहते. स्वमग्न मुलात शब्दांबरोबर ही मुकी भाषाही कमी असते.

आपल्या सीमाभागातील घरांत मराठी, कोंकणी, कानडी अशा दोन-तीन भाषा चालतात. गोव्यात इंग्रजीही असते. "इतक्या भाषांमुळे मूल गोंधळले, एकच भाषा बोला" असा सल्ला पुष्कळांना मिळतो. त्यात तथ्य नाही. दोन भाषांमुळे स्वमग्नता येत नाही आणि स्वमग्न मुलेही दोन भाषा शिकू शकतात. आईने आपल्या तोंडच्या, मायेच्या भाषेतच बोलावे. परक्या भाषेत अडखळत बोलल्याने बोलणेच कमी होते, आणि तोच खरा तोटा.

मोबाइलमुळेही स्वमग्नता येत नाही. परंतु शेतावरची कामे उरकेपर्यंत मुलाच्या हाती मोबाइल देऊन ठेवला तर बोलण्या-खेळण्याचा वेळ त्यात जातो. बोलण्यात मागे असलेल्या मुलाच्या हातातून तो काढलेला बरा.

दोष कोणाचा?

घरात असे मूल जन्मले की पहिला बोल आईला लागतो. गरोदरपणी ग्रहण पाहिले असेल, मुलाला प्रेम दिले नसेल, बाहेरची बाधा झाली असेल. शिकलेले डॉक्टरसुद्धा एके काळी आईच्या थंड वागणुकीला दोष देत असत. ते मत साफ चुकीचे ठरले आहे. स्वमग्नतेच्या मुळाशी बव्हंशी आनुवंशिक कारणे आहेत. म्हणूनच एका मुलाला ती असेल तर पाठच्या भावंडात ती आढळण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते आणि त्या भावंडाकडेही लवकर लक्ष द्यावे लागते.

लसीविषयीही भीती पसरवली जाते. गोवरासह तीन रोगांवरील लसीमुळे ऑटिझम होतो, असे सुचवणारा एक लेख १९९८ साली इंग्लंडच्या एका वैद्यकीय नियतकालिकात आला होता. तो लेख २०१० साली त्या नियतकालिकाने मागे घेतला. २०१९ साली डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली आणि लसीचा काही संबंध आढळला नाही. या भीतीपोटी लस चुकवली तर स्वमग्नता टळत नाही, गोवराला मात्र दार उघडे राहते.

आपण ख्रिस्ती लोकांनी तर योहानाच्या शुभवर्तमानातील नववा अध्याय आठवावा. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले, की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभू येशूने दोघांनाही दोषमुक्त केले. ज्या बोलाला प्रभूनेच नकार दिला, तो आपण एखाद्या आईच्या माथी मारू नये.

मग काय करावे?

अंगणवाडीताई किंवा आशाताईंना सांगावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याखाली डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत व शाळेत येऊन मुले तपासते, आणि शंका आल्यास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी देते. पथकाची वाट पाहण्यात महिने जात असतील तर जिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना सरळ भेटावे. घरी मूल जसे वागते त्याची मोबाइलवर दोन-चार मिनिटांची चित्रफीत घेऊन न्यावी, कारण दवाखान्यात मूल बुजते. सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठी वीस प्रश्नांची एक यादी आहे, ती डॉक्टर आईला विचारतात. स्वमग्नता रक्ताच्या चाचणीत किंवा डोक्याच्या फोटोत दिसत नाही. मुलाकडे पाहून, खेळवून आणि आईबापांना विचारूनच ती ओळखावी लागते. वाचा व श्रवणाच्या तपासणीसाठी कर्नाटकातील लोकांना म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे. मुलाच्या समजेत व वाढीत उणीव असल्यास हैदराबादकडील लोकांना सिकंदराबादची राष्ट्रीय संस्था आहे.

मुलाला झटके येत असतील, झोप मुळीच नसेल, पोट साफ होत नसेल तर तेही सांगावे. त्यांवर औषधे आहेत. स्वमग्नता घालवणारे औषध मात्र नाही. "सहा महिन्यांत बरे करतो" म्हणून स्टेम सेलची इंजेक्शने, शरीरातील धातू काढण्याची औषधे किंवा बंद पेटीतील प्राणवायू विकणाऱ्यांसाठी जमिनीचा तुकडा वा दुभती म्हैस विकू नये. त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही आणि काहींत जिवाला धोका आहे. आजाऱ्यांसाठीची प्रार्थना अवश्य करावी, पण भूतबाधा म्हणून मुलाला मारणे, चटके देणे, उपाशी ठेवणे हे पाप आहे.

खरा गुण येतो तो शिकवण्याने, आणि शिकवणारे पहिले शिक्षक आईबापच. याचा दाखला आपल्या गोव्यातलाच आहे. गोव्यात व पाकिस्तानातील रावळपिंडीत ६५ स्वमग्न मुलांच्या घरी एक प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. मोठ्या तज्ज्ञांनी नव्हे, तर शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्यसेवकांनी आईबापांना मुलाशी कसे खेळावे-बोलावे हे दाखवले. ज्या घरांत हे झाले तेथील आईबाप मुलाच्या कलाने वागू लागले आणि मुलेही आपणहून त्यांच्याशी अधिक संबंध साधू लागली. म्हणून शहरात राहायला जाणे जमत नसेल तरी हातपाय गाळू नयेत.

रोज अर्धा तास असा द्यावा. मोबाइल-टीव्ही बंद करून मुलासमोर जमिनीवर बसा, म्हणजे तुमचे तोंड त्याच्या तोंडासमोर येईल. ते काय पाहते, कशाशी खेळते ते आधी पाहा. ते चिंचोके मांडत असेल तर हिसकावू नका, तुम्हीही एक मांडा. त्याने आवाज काढला तर तसाच आवाज काढा. वाक्ये लहान ठेवा : "चिंचोका. अजून चिंचोका." मग गप्प राहा आणि मनात दहापर्यंत मोजा. उत्तर देण्याची संधी त्याला हवी असते, ती आपण घाईने हिरावतो. नजर, हुंकार, हात पुढे करणे, काहीही आले तरी ते बोलणेच समजून लगेच प्रतिसाद द्या. अंघोळ, जेवण, कोंबड्यांना दाणे टाकणे ही कामे रोज त्याच क्रमाने करावीत. क्रम बदलणार असेल तर आधी सांगावे, जमल्यास चित्र काढून दाखवावे.

शेतघरातील धोके

अशी मुले कधी न सांगता घरातून निघून जातात, त्यांना धोका कळत नाही आणि पुष्कळांना पाण्याची ओढ असते. म्हणून उघड्या विहिरीला कठडा व जाळी, शेततळ्याला कुंपण हवेच. अंगणाच्या फाटकाला वरच्या बाजूस कडी लावावी. मूल दिसेनासे झाले तर प्रथम पाण्याकडे धावावे, इतरत्र नंतर शोधावे. जमेल तेव्हा मुलाला पोहायला शिकवावे. काही मुले माती, चुना, काहीही तोंडात घालतात. कीटकनाशकाच्या बाटल्या कुलपात ठेवाव्यात आणि रिकाम्या डब्यांत पाणी वा तेल भरू नये. मळणी यंत्र चालू असताना एका माणसाने फक्त मुलाकडे पाहावे. मुलाच्या सदऱ्यात नाव, गाव व फोन नंबर लिहिलेली चिंधी शिवून ठेवावी.

कायद्याने मिळणारी मदत

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र घ्यावे व त्यावरून दिव्यांगांचे ओळखपत्र काढावे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगता असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेतून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत उपचारखर्चाचा विमा मिळतो. प्रमाणपत्र घेतल्याने मुलीच्या किंवा भावंडांच्या लग्नात अडचण येईल म्हणून काहीजण टाळतात. पण कागद नाही म्हणून मदत नाही, आणि मदत नाही म्हणून मूल मागेच, असे त्यातून होते.

धर्मग्रामाचे काम

रविवारच्या मिस्साला एखादे मूल ओरडते, बाकांमधून धावते, आणि साऱ्या माना वळतात. मग त्याची आई पुढच्या रविवारी येत नाही. असे मूल वळण नसलेले नाही, ते आवाजाने व गर्दीने हैराण झालेले आहे. दाराजवळचा एक बाक अशा कुटुंबासाठी राखावा. फटाके व बँड यांची वेळ त्यांना आधी सांगावी. प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी करताना धर्मशिक्षकांनी मुलाला चर्च रिकामे असताना आणून जागा दाखवावी, चित्रांवरून शिकवावे आणि फादरांच्या संमतीने मिस्सात अर्पण न झालेल्या ओस्तीचा लहान तुकडा चाखवून सवय करावी. नोव्हेंबर २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी रोम येथे स्वमग्न मुलांना व त्यांच्या आईबापांना भेटीला बोलावून ख्रिस्तसभेने त्यांचा एकाकीपणा मोडावा असे सांगितले होते. रोम लांब आहे. पण शेजारच्या घरातील आईला तासभर विसावा मिळावा म्हणून तिच्या मुलाजवळ जाऊन बसणे आपल्यापैकी प्रत्येकाला जमेल.

बंधुभगिनींनो, आजच घरातील, शेजारातील दोन-तीन वर्षांच्या मुलांकडे एकदा नीट पाहा. हाक मारून पाहा. शंका आली तर त्या आईला दोष न देता, मायेने सांगा आणि तिच्याबरोबर दवाखान्यात जा. शंका खोटी ठरली तर एक दिवसाची मजुरी बुडेल. खरी ठरली तर एका लेकराची वर्षे वाचतील.